तांबट आळीतली चाळीस सेकंदांची फिल्म : एका जाहिरात-दिग्दर्शकाच्या कामाचा अनुभव

आमचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीत आहे. पुढे दुकान, मागे कारखाना, वर घर. सासरे, म्हणजे अण्णा, ७४ वर्षांचे आहेत आणि अजून रोज पाच-सहा तास हातोडा घेऊन बसतात. मी लग्न होऊन या घरात आले त्याला २१ वर्षं झाली. गल्ला, ऑर्डरी, हिशोब, कुरिअर सगळं माझ्याकडे. गेल्या वर्षी आम्ही दुकानाची जाहिरात-फिल्म करून घेतली. ती ज्यांनी केली त्यांच्याबद्दल पेठेतले बरेच दुकानदार येऊन विचारतात. कसं काम करतात, किती घेतात, पैसे वसूल झाले का. दर वेळी अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. नाव छापू नका असं त्यांनी सांगितलंय, म्हणून इथे नुसतं दादा म्हणते. नंबर हवा असेल तर दुकानात या, देईन.

त्याआधी एकदा आमचे हात पोळले होते. एका एजन्सीला ९०,००० रुपयांत व्हिडिओ करायला दिला होता. ते आमची भांडी एका बंगल्यावर घेऊन गेले. पांढऱ्या कुर्त्यातली एक मुलगी खिडकीशी उभी, हातात तांब्याची बाटली, बाटलीवर ग्लिसरीनचे थेंब, मागे बासरी. वरून एक भारदस्त आवाज : परंपरा, शुद्धता, आरोग्य. अण्णांनी दोनदा पाहिला आणि विचारलं, "यात ठोका कुठंय?" मग माझ्या लक्षात आलं, मुलीच्या हातातली बाटली आमची नव्हतीच. गुळगुळीत, मशीनवर काढलेली कुठली तरी होती. विचारलं तर म्हणाले, तुमची कॅमेऱ्यात खडबडीत दिसते.

खडबडीत! मठार म्हणजे काय हे माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. भांडं घडून झालं, चिंचेने घासून लख्ख केलं, की पॉलिश केलेल्या हातोड्याने त्यावर ओळीने, एकाला एक लागून ठोके मारत जायचं. तांबं तापवलं की मऊ पडतं, ठोकलं की ताठ होतं. मठारल्याशिवाय कळशी कमरेवर घेतली तर चेपेल. दिसायला सुंदर दिसतं ते नंतरचं, आधी ती भांड्याची ताकद आहे. जे काम आम्ही विकतो तेच त्या व्हिडिओतून काढून टाकलेलं होतं. अर्धे पैसे आगाऊ दिलेले होते ते गेले. व्हिडिओ आम्ही कुठेही लावला नाही.

म्हणून दादा पहिल्यांदा आले तेव्हा मी जरा सावधच होते. त्यांनी कॅमेरा आणला नव्हता. लॅपटॉप उघडून आधीची कामं दाखवली नाहीत. चहा घेतला, एक घंगाळ उचलून उन्हाकडे धरलं, आणि विचारलं, "वहिनी, तुमच्या फिल्मचं क्रियापद काय?"

मी म्हटलं, परंपरा.

"ते नाम झालं."

शुद्धता?

"तेही नाम. नामाचं शूटिंग होत नाही. कुणीतरी काहीतरी करतंय, एवढंच कॅमेऱ्याला दिसतं. ठोकतंय, भरतंय, ओततंय, पुसतंय. एका फिल्ममध्ये एकच क्रियापद मावतं. ते सापडलं की मला फोन करा. किंवा मी इथे येऊन बसतो, मला सापडलं तर मी सांगतो."

मग त्यांनी बजाजचं उदाहरण दिलं. आकुर्डीचा कारखाना, म्हणजे आपल्या पुण्याचीच गोष्ट. १९८९ साली लिंटास या जाहिरात-कंपनीने 'हमारा बजाज'ची फिल्म केली, दिग्दर्शन सुमंत्र घोषाल यांचं. स्कूटर किती किलोमीटर पळते हे त्यात कुणी सांगत नाही. माणसं स्कूटर पुसतात, घरच्यांना मागे बसवतात, निघतात. माझं माहेर चिंचवडचं. माझे वडील दर रविवारी जुन्या बनियनच्या फडक्याने स्कूटर पुसायचे, हँडलची वळणं बोटाने साफ करायचे. ती जाहिरात लागली की हातातलं फडकं तसंच धरून टीव्हीसमोर उभे राहायचे. दादा 'पुसणं' म्हणाले आणि मला ते फडकं डोळ्यांसमोर आलं. त्या क्षणी माझा विश्वास बसला, हे मी मोकळेपणाने सांगते.

दादा मूळचे पंढरपूरचे, वडिलांचं बुक्का-कुंकवाचं दुकान. बाविसाव्या वर्षी मुंबईला गेले आणि अकरा वर्षं जाहिरात-फिल्म करणाऱ्यांच्या हाताखाली राहिले. पहिल्या नोकरीत त्यांचं मुख्य काम बटाटे उकडून कुस्करायचं. आइस्क्रीमच्या जाहिरातीत दिव्यांखाली खरं आइस्क्रीम टिकत नाही, म्हणून कपात रंगवलेला बटाटा भरायचा. गार पेयाच्या ग्लासावर ग्लिसरीन फवारायचं, कारण पाण्याचे थेंब ओघळून जातात. हे सगळं ते कुणालाही नावं न ठेवता सांगतात. त्या कामातच त्यांना वेळेचं गणित कळलं. सिनेमाच्या पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी, म्हणजे चाळीस सेकंदांत ९६०. "९६० वेळा तुम्ही गिऱ्हाइकाकडे लक्ष मागताय," असं ते म्हणतात. नंतर स्वतः दिग्दर्शक झाले. साबण, बिस्किटं, कुकर, पंखे केले. दहा वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात मुंबई सोडून पुण्यात आले आणि इथेच राहिले. आता वर्षाला सहा-सात कामं घेतात, बहुतेक लहान दुकानदारांची. मोठ्या कंपनीत तीस माणसं मत द्यायला बसतात, इथे वहिनी आणि अण्णा दोघांनाच पटवायचं असतं, हे त्यांचं कारण.

दादांच्या बोलण्यात सिनेमा-दिग्दर्शक श्याम बेनेगल सतत येतात. बेनेगल १९५९ मध्ये लिंटासमध्ये कॉपीरायटर म्हणून लागले, पुढे शेकडो जाहिराती आणि माहितीपट केले, आणि त्यांचा 'अंकुर' हा सिनेमा आला १९७४ मध्ये. त्याला पैसा लावला ब्लेझने, म्हणजे थिएटरांना जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीने. 'मंथन'साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, आणि त्याच सिनेमाचं गाणं पुढे अमूलच्या जाहिरातीत वाजलं. हाच माणूस लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा दोनदा अध्यक्ष होता. दादांचं म्हणणं असं की जाहिरात ही सिनेमाकडे जायची पायरी नाही. पंधरा वर्षं लोकांचं लक्ष सेकंदांत मोजलेला माणूस सिनेमात एक चौकटसुद्धा वाया घालवत नाही, ते तिथूनच येतं. दादांना स्वतःला सिनेमा करायचा नाही. मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "मला चाळीस सेकंदच पुरतात. अजून ते नीट जमलेले नाहीत."

आता मुख्य गोष्ट. ते खरंच येऊन बसले. तीन दिवस. कारखान्याच्या उंबऱ्याशी एक पाट टाकून, हातात वही. पहिल्या दिवशी त्यांनी काय लिहिलं ते मी चोरून पाहिलं. वेळा होत्या नुसत्या. अण्णा कधी उठतात, भट्टी कधी पेटते, शेजारच्या कारखान्यातला मुलगा कधी येतो, दुपारी ऊन कुठल्या भिंतीवर येतं. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटायला लागलं की पुन्हा पैसे गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली आणि बोटाने वर दाखवलं. समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर काकू राहतात, ऐंशीला आलेल्या. दुपारी गॅलरीत सतरंजी टाकून झोपतात. खाली अण्णांचा हातोडा चालू, शेजारी दोन, पलीकडे एक. बाहेरच्या माणसाला इथे बोललेलं ऐकू येत नाही आणि काकू गाढ झोपलेल्या. दादा म्हणाले, "थांबा. आता अण्णा पाणी प्यायला उठतील." अण्णा उठले. कोनाड्यातला त्यांचा तांब्या घेतला, वरून धार धरून प्यायले. हातोडा थांबला होता. आणि काकू गॅलरीतून वाकून विचारत होत्या, "काय झालं रे?" अण्णांनी तांब्या वर करून दाखवला. काकू परत आडव्या झाल्या. ठक, ठक, ठक सुरू झालं आणि काकूंचा डोळा लागला.

दादांच्या वहीत तीन दिवसांच्या तीन वेळा होत्या. २.३५, २.२८, २.४०. तिन्ही दिवस काकू उठल्या होत्या. मी २१ वर्षं त्या उंबऱ्यात आहे. मला हे कधी दिसलं नव्हतं.

"सापडलं क्रियापद," ते म्हणाले. "थांबणं."

फिल्म एवढीच आहे. आळीचा आवाज, झोपलेल्या काकू, हातोडा, तांब्यावर पडणारा एकेक ठोका. आवाज थांबतो. काकू जाग्या होतात, वाकतात, विचारतात. अण्णा पाणी पितात, तांब्या दाखवतात. काकू झोपतात, ठोके सुरू. शेवटी दुकानाचं नाव आणि 'तांबट आळी, कसबा पेठ'.

यावर आमचं भांडण झालं, ते लपवत नाही. मी हिशोब केला. चाळीस सेकंदांत भांडं नीट दिसतं ते चार-पाच सेकंद, तेही एकच भांडं आणि तेही अण्णांचं तीस वर्षांचं जुनं, बुडाला पोचा आलेलं. माझ्याकडे कळशा आहेत, बंब आहेत, समया आहेत, दिवाळीला देण्यासारखे डबे आहेत. ते कोण दाखवणार? दादांनी मोबाइलवर फेव्हिकॉलची बसची जाहिरात लावली, प्रसून पांडे यांनी केलेली. वाळवंटातल्या रस्त्यावरून टपावर, दारात, खिडक्यांना लटकलेली माणसं घेऊन बस चालली आहे, खड्ड्यांतून गचके खाते आणि एकही माणूस पडत नाही. एक शब्द नाही. अखेर बसच्या पाठीवर फेव्हिकॉलची पाटी दिसते. "यात डबा किती सेकंद आहे?" त्यांनी विचारलं. डबा नाहीच. पण चिकटणं पहिल्या सेकंदापासून आहे.

मी तरी म्हटलं, निदान काकूंच्या जागी एखादी नटी घेऊ या, काकूंना कॅमेऱ्यासमोर जमायचं नाही. तेव्हा त्यांनी गौरी शिंदे यांच्याबद्दल सांगितलं. पुण्याच्याच. बरीच वर्षं जाहिराती केल्या आणि २०१२ मध्ये 'इंग्लिश विंग्लिश' केला. त्याचं मूळ त्यांच्या आईमध्ये, ज्यांचा पुण्यात घरून लोणच्यांचा व्यवसाय होता. तो सिनेमा मी पाहिला होता, लाडू वळणाऱ्या श्रीदेवीला बघून रडलेही होते. पण त्या लाडवांच्या मागे पुण्याच्या एका स्वयंपाकघरातली लोणची आहेत हे मला माहीत नव्हतं. दादांचा मुद्दा साधा होता. त्या दिग्दर्शिकेने घरातलं माणूस नीट पाहिलं म्हणून बाहेरच्या नटीला काय करायचं ते सांगता आलं. आपल्याकडे तर माणूसच गॅलरीत आहे. काकूंना फक्त झोपायचं होतं आणि उठायचं होतं. दोन्ही त्यांना उत्तम जमलं.

शूटिंग दोन दिवस, एप्रिलच्या सुरुवातीला. सहा माणसं, एक टेम्पो. तांब्याचं शूटिंग अवघड असतं हे तेव्हा कळलं. मठारलेल्या भांड्यावर प्रत्येक ठोक्याचा बारीक आरसा असतो, त्यामुळे तांब्या जवळून घेतला की त्यावर शंभर कॅमेरे आणि शंभर कॅमेरामन दिसायला लागले. भाड्याने आणलेला पांढरा पडदा फार जाड निघाला. दादांनी वर बघितलं. दांडीवर अण्णांची दोन जुनी धोतरं वाळत होती, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली. ती आळीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधली. कॅमेऱ्यावर काळं कापड, भिंगापुरतं भोक. धोतरातून गाळून आलेल्या उजेडात तांब्यावरचा ठोका न् ठोका वेगळा दिसायला लागला, मोरपिसासारखा. अण्णा मागे उभे राहून मॉनिटरमध्ये बघत होते. स्वतःचं काम एवढं मोठं करून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग हळूच म्हणाले, "हात सरळ चाललाय की."

थेंबांचं सांगायलाच हवं. कॅमेरामनने तांब्यावर घाम दाखवायला ग्लिसरीनची बाटली काढली. दादांनी ती बंद करायला लावली. पुण्याची एप्रिलची हवा कोरडी असते, माठातल्या पाण्याने तांब्याला घाम फुटत नाही. फुटत नाही तर दाखवायचा नाही. अण्णा पितात तेव्हा गळ्यावरून ओघळ येतो, तोच घेतला. मला आधीची ती बाटली आठवली आणि फार बरं वाटलं.

आवाज वेगळा, पहाटे पावणेसहाला घेतला, आळी जागी व्हायच्या आत. घंगाळाचा घुमणारा, कळशीचा जरा बंद, तांब्याच्या गळ्याशी बारीक, टणक. आवाजासाठी आलेल्या मुलाला अण्णांनी डोळे मिटायला सांगितलं आणि कुठल्या भांड्यावर ठोका पडतोय ते आवाजावरून ओळखायला शिकवलं. तो अजून अधूनमधून येतो, नुसता बसतो.

आता तक्रारी. काम १९ दिवस उशिरा मिळालं. अक्षय तृतीयेला लावायची होती, ती खरेदी हातची गेली. आमच्यासारख्या दुकानाला हे जड जातं. दादांनी माफी मागितली, पण उशीर झाला तो झालाच. दुसरं, मोबाइलवर उभी दिसणारी छोटी फिल्म ते करून देत नाहीत. ती मला दुसऱ्याकडून कापून घ्यावी लागली, आणि त्यात काकूंचं अर्धं डोकं गेलं. आजच्या काळात हे त्यांनी करून द्यायला हवं असं माझं ठाम मत आहे. तिसरं, फोन नंबर टाकायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. इथे मात्र आता मला त्यांचं पटलंय. लोक नाव लक्षात ठेवतात आणि शोधत येतात. मेट्रोच्या कसबा पेठ स्टेशनवरून उतरून "काकू कुठे झोपतात" असं विचारत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

खर्च एकूण २,८०,००० रुपये झाला. चाळीस टक्के आधी, चाळीस शूटिंगच्या दिवशी, वीस काम हातात आल्यावर. प्रत्येक खर्चाची पावती मिळाली, टेम्पोच्या डिझेलसकट. थिएटरात लावण्याचे पैसे वेगळे, आणि लक्षात ठेवा, थिएटरातल्या जाहिरातीलाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज त्यांच्याच माणसाने केला, पण त्याचे दिवस आधीच धरून चला. दिवाळीपर्यंत आमचा खर्च निघाला नाही. संक्रांतीपर्यंत निघाला. घाईने गिऱ्हाईक हवं असेल तर हे काम तुमच्यासाठी नाही, असं मी येणाऱ्याला स्पष्ट सांगते. आणि दादांना तीन दिवस बसायला जागा देणार नसाल, किंवा ते बसले असताना "अजून काही सुचलं का" असं विचारत राहणार असाल, तरी त्यांच्याकडे जाऊ नका. जे काही झालं ते त्या पाटावर झालं. कॅमेरा आला तेव्हा सगळं ठरलेलं होतं.

थिएटरात आम्ही सगळे गेलो होतो, काकूंना रिक्षातून नेलं. मध्यंतरात फिल्म लागली. चार बाजूंनी ठोके यायला लागले आणि लोक आपापसात बोलत, खात होते. ठोके थांबले आणि सगळं थिएटर पडद्याकडे वळलं. मला तेवढंच आठवतं, ती सगळी वळलेली तोंडं. काकूंनी माझा हात धरून ठेवला होता.

तेव्हापासून दुकानात सगळ्यात जास्त विचारणा होते ती फिल्ममधल्या तांब्याची. काही जण मोबाइलवर चित्र थांबवून बुडाचा पोचा दाखवतात, हाच हवा म्हणतात. तो अण्णांचा आहे, कोनाड्यात असतो, विकायचा नाही. तसाच घडवून देतो, पोचा सोडून. आठ दिवस आधी सांगा, अण्णा एका वेळी एकच हातात घेतात.